छातीतली जळजळ आणि नागपूर : एका उड्डाणातली ४८ मिनिटं

पार्श्वभूमी

जूनअखेरची रात्र. दिल्लीहून बेंगळुरूला निघालेलं एअरबस ए३२० निओ, आसनं १८६, प्रवासी १७१, दोन वैमानिक आणि चार केबिन क्रू. उड्डाण २१:१० ला. २१:३५ च्या सुमारास विमान ३६,००० फुटांवर स्थिरावलं आणि खाण्याची ट्रॉली बाहेर पडली.

कंपनी, तारीख, आसन क्रमांक आणि माणसांची ओळख पटेल असं सगळं इथे बदललेलं आहे. प्रशिक्षणवर्गात चर्चेला घेता यावं अशा रीतीनं घटनाक्रम जुळवून मांडला आहे.

प्रवासी ६२ वर्षांचे गृहस्थ, सोलापूरकडचे, आसन २४-सी. सोबत पत्नी. दोघं चारधाम करून दिल्लीत आले होते आणि मुलाकडे बेंगळुरूला निघाले होते. गृहस्थांना बारा वर्षांपासून मधुमेह, शिवाय रक्तदाबाची गोळी चालू. दहा-बारा दिवसांची दगदग, त्या दिवशी पाणी कमी, आणि सकाळपासून ‘छातीत जळजळ’. पत्नीला मराठी आणि कामापुरतं कन्नड येत होतं, हिंदी तोडकंमोडकं.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यायला हवी. विमान ३६,००० फुटांवर असलं तरी केबिनमधला हवेचा दाब साधारण ७,००० फुटांवर असतो तेवढा राखलेला असतो. म्हणजे प्रत्येक प्रवासी कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच जागी दोन-अडीच तास बसलेला असतो. धडधाकट माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन ९७-९८ वरून ९२-९३ टक्क्यांवर येतो आणि त्याला ते कळतही नाही. ज्याच्या हृदयाची रक्तवाहिनी आधीच अरुंद झालेली आहे, त्याच्यासाठी तेवढी घसरण पुरेशी ठरू शकते.

अशा घटना किती होतात? पाच विमान कंपन्यांमधल्या जवळपास १२,००० वैद्यकीय घटनांचा अभ्यास २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला होता. त्यात साधारण ६०४ उड्डाणांमागे एक घटना दिसली. सर्वांत जास्त, म्हणजे ३७ टक्के, घेरी येण्याच्या. हृदय बंद पडण्याचं प्रमाण ०.३ टक्के. विमान दुसरीकडे उतरवावं लागलं ते सुमारे ७ टक्के घटनांत. क्रूच्या दृष्टीनं या आकड्यांचा अर्थ असा की दहातल्या नऊ वेळा पाणी, ऑक्सिजन आणि पाय वर करून झोपवणं एवढ्यावर भागतं. दहाव्या वेळी हीच सवय आड येते.

पहिली ११ मिनिटं

२१:४१ ला २४-सीवरची बेल वाजली. मागच्या भागात असलेली सर्वांत नवी क्रू सदस्य गेली. पत्नी म्हणाली, “सकाळधरनं छातीत जळजळतंय म्हणतेत. आता पाठीत भरून आलंय.” त्या क्रू सदस्याला मराठी येत नव्हतं. शेजारच्या खिडकीपाशी बसलेल्या तरुणानं मदत म्हणून हिंदीत सांगितलं, “गॅस हुआ है, सुबह से.” ‘पाठीत भरून आलंय’ हा भाग त्यानं गाळला. मुद्दाम नव्हे, त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

तिनं पाणी दिलं, वरचा वारा त्यांच्याकडे वळवला, “दहा मिनिटांनी परत येते” म्हणाली आणि गॅलीत, म्हणजे विमानातल्या खाण्यापिण्याच्या सामानाच्या जागेत, गेली. ट्रॉली तेव्हा चौदाव्या रांगेत होती, लीड (केबिन क्रूची प्रमुख) पुढच्या गॅलीत. कुणालाच कळवलं गेलं नाही. कळवावं असं तिला वाटण्याजोगं तिच्या कानावर काही आलंच नव्हतं.

२१:५० ला बेल पुन्हा. या वेळी ट्रॉलीवरचा कोल्हापूरचा क्रू सदस्य जवळ होता, तो वळला. गृहस्थांचा शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा राखेसारखा, ओठ कोरडे. केबिनमध्ये थंडी वाजावी एवढा गारवा होता आणि त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तो वाकून म्हणाला, “काका, दुखतंय कुठं?” त्यांनी मूठ छातीवर टेकवली. बोटानं जागा दाखवली नाही, मूठ टेकवली. मग पत्नीला विचारलं, “काकू, औषधं कुठली चालू आहेत?” तिनं पिशवीतून गोळ्यांच्या पट्ट्या काढल्या : मधुमेहाची, रक्तदाबाची. सोबत साखर तपासायचं यंत्रही होतं.

मधुमेह जुना असला की हृदयविकाराच्या झटक्यात ठरावीक ‘छातीत कळ’ दिसेलच असं नाही. नसांची संवेदना कमी झालेली असते. जळजळ, पाठ, जबडा, नुसता थकवा, नुसता घाम, यांपैकी काहीही पुढे येऊ शकतं. कारण नसताना आलेला गार घाम हे त्यातलं सर्वांत बोलकं लक्षण, आणि ते पाहायला भाषा लागत नाही. पहिल्या फेरीत कपाळाला हात लावला असता तर कदाचित कळलं असतं. कदाचित तेव्हा घाम नसेलही.

२१:५२ ला लीडनं इंटरफोनवर कॅप्टनला कळवलं. वाक्य असं होतं (पॅक्स म्हणजे प्रवासी) : “सर, २४-सीला एक पॅक्स अनवेल आहे, चेस्टमध्ये डिसकम्फर्ट. डॉक्टरसाठी अनाउन्समेंट करतेय.”

विमान मिनिटाला साधारण १४ किलोमीटर जातं. ११ मिनिटं म्हणजे दीडशे किलोमीटर, पुणे-मुंबई एवढं अंतर. रस्त्यावरच्या रुग्णवाहिकेत वेळ जातो तेव्हा रुग्णालय निदान जागेवर असतं. विमानात वेळ जातो तसे विमानतळ मागे सरकतात. या प्रकरणातले पुढचे जवळजवळ सगळे पेच या दीडशे किलोमीटरमधून आले.

कोण काय करत होतं

चार क्रूची कामं ठरलेली असतात. एक रुग्णाला सोडत नाही. दुसरा साहित्य आणतो. तिसरा कॅप्टनशी बोलतो आणि वेळा लिहितो. चौथा उरलेलं विमान सांभाळतो. इथे रुग्णापाशी कोल्हापूरचा मुलगा थांबला, लीडनं इंटरफोन आणि वही घेतली, चौथीनं ट्रॉली आत ढकलून कुलूपबंद केली. (ट्रॉली रस्त्यात असेल तर बाकी सगळं व्यर्थ. पॅसेजची रुंदी पन्नास सेंटिमीटरच्या आसपास, ट्रॉली त्यात बूच बसावं तशी बसते.)

साहित्य आणायला गेली ती सर्वांत नवी मुलगी, जिच्या हातून पहिली ११ मिनिटं गेली होती तीच. तिनं एकाच फेरीत ऑक्सिजनची बाटली, एईडी आणि सीलबंद इमर्जन्सी मेडिकल किट असं सगळं उचलून आणलं. फक्त ऑक्सिजन सांगितला होता. एईडी म्हणजे हृदयाची लय तपासून गरज असेल तरच झटका द्यायला सांगणारं यंत्र. ते बेशुद्ध माणसासाठी असतं, म्हणून शुद्धीत असलेल्या रुग्णासाठी ते आणायचं अनेकांच्या डोक्यात येत नाही. छातीची तक्रार असेल तर यंत्र रुग्णाच्या पायाशी असायला हवं, लावायचं नसलं तरी. पंचवीस मिनिटांनी याचा अर्थ कळला.

घोषणेनंतर दोघं पुढे आले. एक त्वचारोगतज्ज्ञ, पन्नाशीतले, ओळखपत्र सोबत. दुसरी दिल्लीतल्या एका रुग्णालयात आयसीयूमध्ये काम करणारी सिस्टर. लीडनं दोघांची ओळखपत्रं पाहिली, नावं लिहून घेतली आणि कॅप्टनच्या परवानगीनं किटचं सील तोडलं. डॉक्टर पहिल्याच मिनिटाला म्हणाले, “मी वीस वर्षांत ईसीजी वाचलेला नाही. औषधाची जबाबदारी माझी, पण हातानं काय करायचं ते सिस्टर सांगतील.” अशी कबुली दुर्मीळ. एरवी क्रूला पदवी आणि उपयोग यांतला फरक स्वतःच ओळखावा लागतो, तेही डॉक्टरांचा मान ठेवून.

इथे एक चूक झाली. जागा अपुरी म्हणून गृहस्थांना २४व्या रांगेतून मागच्या गॅलीपर्यंत चालवत नेलं. दोघांनी धरलं होतं, पण चालले ते स्वतःच्या पायांनी. सहा-सात रांगा, बारा-पंधरा पावलं. गॅलीत पोचेपर्यंत त्यांचे गुडघे लटपटले. हृदयाला रक्त कमी पडत असताना दहा पावलंही श्रमच. मागे नेणं योग्यच होतं, कारण पुढे छातीदाब द्यायची वेळ आली तर पॅसेजमध्ये रुग्णाच्या बाजूला गुडघे टेकायला जागा नसते. पण न्यायला हवं होतं ब्लँकेटवरून ओढत. ते दिसायला वाईट दिसतं, म्हणून टाळलं गेलं.

तपासणीत काय मिळालं

गॅलीच्या जमिनीवर डोकं शेपटाकडे, पाय पॅसेजमध्ये पुढच्या बाजूला असं त्यांना झोपवलं. पायांखाली दोन उशा.

रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्के. ऑक्सिजनची बाटली ३१० लिटरची, नळाच्या दोन खुणा : मिनिटाला २ लिटर आणि ४ लिटर. चारवर लावली की हिशोबानं ७७ मिनिटं पुरते, दोनवर १५५. लीडनं सुरू केल्याची वेळ लिहिली, २१:५६. ही वेळ लिहिली नाही तर बाटली कधी संपेल ते कुणालाच सांगता येत नाही.

साखर २१२. जास्त, पण घाम आणि फिकटपणा साखर उतरल्यामुळे नाही एवढं निश्चित झालं. वीस सेकंदांचं काम.

रक्तदाब मोजणं हा विमानातला नेहमीचा तिढा. मागच्या गॅलीत इंजिनांचा आणि वातानुकूलनाचा आवाज एवढा असतो की स्टेथोस्कोपमधून ठोके ऐकूच येत नाहीत. डॉक्टरांनी दोनदा प्रयत्न करून मान हलवली. सिस्टरनं स्टेथोस्कोप बाजूला ठेवला, मनगटावरच्या नाडीवर तीन बोटं ठेवली, पट्टा नाडी बुडेपर्यंत फुगवला आणि हळूहळू हवा सोडली. नाडी बोटाला परत लागली तो आकडा ८६. खालचा आकडा या पद्धतीनं मिळत नाही, लागतही नाही. नाडी मिनिटाला ५२.

हा ८६ पूर्ण प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा आकडा. किटमध्ये जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी असते आणि छातीत दुखलं की ती द्यायची असं बऱ्याच जणांना पाठ असतं. ती रक्तवाहिन्या सैल करते, दाब आणखी पाडते. ८६ वर ती दिली असती तर माणूस तिथेच गेला असता, असं म्हणणं फार अतिशयोक्तीचं नाही. दुसरी अट म्हणजे गेल्या एक-दोन दिवसांत सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलसारखी (लैंगिक दुर्बलतेवरची) गोळी घेतलेली नसणं. हा प्रश्न पत्नीसमोर, आजूबाजूला वीस जण ऐकत असताना विचारला तर खरं उत्तर मिळत नाही. कोल्हापूरच्या मुलानं “काकू, तुम्ही जरा इथं बसा” म्हणून त्यांना शेवटच्या रांगेत बसवलं आणि कानाशी वाकून विचारलं. उत्तर नाही असं आलं. गोळी तशीही द्यायची नव्हती, पण विचारणं बरोबर होतं.

ॲस्पिरिन ३२५ मिलिग्रॅम २१:५९ ला दिली. त्याआधी ॲलर्जी, पोटातला व्रण आणि रक्त पातळ करणारं दुसरं औषध यांबद्दल विचारून घेतलं. गोळी चावून खायची, पाण्याबरोबर गिळायची नाही. चावल्यानं ती लवकर लागू पडते. गृहस्थ गिळायला निघाले होते, दोनदा सांगावं लागलं.

कॅप्टनसमोरचे पर्याय

कॉकपिटमध्ये २१:५२ ला पोचलेला निरोप होता ‘पॅक्स अनवेल’. त्यावरून कॅप्टननं जे केलं ते योग्यच होतं : सहवैमानिकाला भोपाळ, इंदूर आणि नागपूरचं हवामान घ्यायला सांगितलं आणि जमिनीवरच्या डॉक्टरांचा सल्ला मागितला. या विमानात उपग्रह फोन नव्हता. संदेश एकार्सवरून (कॉकपिटमधून लेखी संदेश पाठवायच्या यंत्रणेवरून) टंकून कंपनीच्या नियंत्रण कक्षाकडे, तिथून कुणीतरी फोनवर डॉक्टरांना वाचून दाखवणार, उत्तर त्याच वाटेनं परत. एका फेरीला चार मिनिटं.

पहिला संदेश २१:५६ ला गेला. त्यात वय, लिंग, छातीची तक्रार, मधुमेह होता. रक्तदाब नव्हता, कारण तो अजून मोजलेला नव्हता. २२:०० ला उत्तर आलं : ऑक्सिजन, ॲस्पिरिन, आणि दाब १०० च्या वर असेल तर नायट्रोग्लिसरीन, दाब कळवा. तेवढ्यात लीडचा फोन आला. या वेळी वाक्य वेगळं होतं : “सर, पुरुष, ६२, मधुमेही. गार घाम, रंग राखेसारखा, शुद्धीत. दाब ८६, नाडी ५२, ऑक्सिजन लावून ९३. डॉक्टर आणि आयसीयू सिस्टर दोघंही म्हणतायत हार्ट अटॅक. लवकरात लवकर उतरायला हवं.”

कॅप्टननं जमिनीवरच्या दुसऱ्या उत्तराची वाट पाहिली नाही. २२:०१ ला निर्णय झाला. तेव्हा विमान जवळपास भोपाळच्या डोक्यावर होतं.

भोपाळ सर्वांत जवळ. पण ३६,००० फुटांवरून खाली यायला जवळपास २०० किलोमीटरचा रस्ता लागतो, म्हणजे डोक्यावरून गोल फिरत उतरायलाही १८ ते २० मिनिटं. त्यात इंदूर-भोपाळ पट्ट्यावर वादळी ढगांची रांग आलेली होती. भोपाळला दृश्यमानता १,५०० मीटरपर्यंत घसरलेली, वारा झोत देणारा. उतरता आलं नाही आणि परत वर जावं लागलं तर आणखी पंधरा मिनिटं, वादळात, गॅलीच्या जमिनीवर रुग्ण आणि त्याच्याभोवती चार माणसं बिनपट्ट्याची. इंदूरची तीच गत.

नागपूर तिथून सुमारे ३०० किलोमीटर, २८ मिनिटं. आकाश मोकळं, धावपट्टी ३,२०० मीटर, विमानतळ शहरालगत, आणि रात्री अँजिओग्राफी करणारी रुग्णालयं गावात. मागे दिल्लीला ४५ मिनिटं, पुढे हैदराबादला ५४, बेंगळुरूला ८५.

नागपूर देशाच्या मधोमध असल्यानं उत्तर-दक्षिण उड्डाणांतले बरेच रुग्ण तिथेच उतरवले जातात. तिथल्या लोकांना याची सवय आहे आणि कॅप्टनच्या हिशोबात अशी सवयसुद्धा धरली जाते.

वजनाचा प्रश्नही होता. ए३२० ला इंधन हवेत सोडायची सोय नाही. या विमानाचं उतरण्याचं कमाल वजन ६७.४ टन, उड्डाणाच्या वेळचं ७०.५. नागपूरला पोचेपर्यंत साडेतीन टनांच्या आसपास जळणार होतं, म्हणजे मर्यादेत. जास्त वजनानं उतरायला आणीबाणीत मनाई नाही. हळुवार टेकवायचं आणि नंतर तपासणी करून घ्यायची. त्यामुळे वजन हे भोपाळ नाकारण्याचं कारण नव्हतं. कारण वादळ होतं.

२२:०१ ला हा निर्णय योग्य होता. पण २१:४६ ला चित्र वेगळं होतं. तेव्हा विमान भोपाळपासून २०० किलोमीटर आधी होतं, म्हणजे सरळ उतरायला लागतं तेवढ्याच अंतरावर. ढगांची रांग अजून पश्चिमेला होती. तेव्हा वळले असते तर २२:०६ च्या सुमारास चाकं जमिनीला लागली असती. प्रत्यक्षात लागली त्याच्या २३ मिनिटं आधी.

उतरताना

नागपूर कंट्रोलला ‘पॅन पॅन, पॅन पॅन, पॅन पॅन’ म्हणून वैद्यकीय आणीबाणी कळवली. थेट मार्ग मिळाला, १०,००० फुटांखाली वेगाची मर्यादाही सैल केली. २२:०४ ला जमिनीवरच्या डॉक्टरांचं दुसरं उत्तर आलं : नायट्रोग्लिसरीन नको, शिरेत सुई लावा, सलाईन हळूहळू. सिस्टरनं दुसऱ्या प्रयत्नात सुई लावली. किटमधली २५० मिलिलिटरची बाटली वरच्या सामानकप्प्याच्या मुठीला रुमालानं बांधली.

२२:१७, उंची १८,००० फूट. गृहस्थ काहीतरी बोलत होते, शब्द अर्धवट राहिला. डोळे वर गेले, एक घरघरता श्वास, मग काही नाही. हा घरघरता श्वास फसवतो. तो श्वास नसतो. सिस्टरनं मानेवर बोटं ठेवली आणि लगेच छाती दाबायला घेतली.

शर्ट कात्रीनं कापला. एईडीचं झाकण उघडलं. पहिला पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली लावला तर तो घामावर सरकला आणि कडेनं सुटला. यंत्र सांगत राहिलं, पॅड तपासा. साहित्य आणलेल्या नव्या मुलीनं शेवटच्या रांगेतलं डोक्यामागचं कापड ओढून काढलं, छाती घासून कोरडी केली, पॅड दाबून चिकटवला, दुसरा डाव्या काखेखाली. ऑक्सिजनचा मास्क हातभर दूर केला. झटका देताना वाहता ऑक्सिजन छातीवर नको, आग लागू शकते. कोसळल्यापासून सत्तराव्या सेकंदाला झटका गेला. यंत्र पायाशी नसतं तर, गॅली आणि सामानकप्पा धरून, याला अडीच-तीन मिनिटं लागली असती.

झटक्यानंतर नाडी शोधत बसायचं नाही, लगेच दाब सुरू. मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांमागे २ श्वास, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. कोल्हापूरच्या मुलानं सिस्टरच्या हातून घेतलं. विमान नाक खाली करून उतरत होतं, त्यामुळे दाबताना अंग पुढे घसरत होतं. त्यानं एक पाय गॅलीच्या कपाटाला लावला. २२:२० ला गृहस्थांनी हात हलवला आणि छाती दाबणारा हात झटकायला पाहिलं.

आता उतरायला नऊ मिनिटं. लीडपुढे प्रश्न असा : रुग्ण दोन मागच्या दारांच्या मधे आडवा, तीन क्रू त्याच्याभोवती, आणि बाकीची केबिन तयार करायला एकटी चौथी. नियमानं सगळ्यांनी बसायला हवं. त्यांना उचलून आसनावर बसवणं म्हणजे नुकतंच परतलेलं हृदय पुन्हा पणाला लावणं. कॅप्टनशी बोलून ठरलं की त्यांना तिथेच ठेवायचं. पाय पुढच्या बाजूला होतेच; तळव्यांशी ब्लँकेटचे गठ्ठे कोंबले म्हणजे ब्रेक लागल्यावर अंग सरकणार नाही. डॉक्टर आणि सिस्टर शेवटच्या रांगेत पट्टे लावून, दोन क्रू मागच्या जंपसीटवर (क्रूच्या घडीच्या आसनांवर), हात पोचेल एवढ्या अंतरावर. कॅप्टननं लांब धावपट्टीचा फायदा घेऊन ब्रेक अगदी हलके लावले. २२:२९.

जमिनीवर

विमानतळानं आधी एअरोब्रिजची जागा दिली होती. एअरोब्रिज पुढच्या दाराला लागतो आणि रुग्ण मागे. मधे तीस रांगा आणि उभे राहिलेले १७० प्रवासी. हे २२:२४ ला लीडच्या लक्षात आलं, तिनं कॅप्टनला सांगितलं आणि जागा बदलून मोकळ्या बेवर (शिडी लावून उतरायच्या उघड्या जागेवर) झाली. पण शिडी आली ती पुढच्या दाराची. मागची शिडी यायला आणखी चार मिनिटं गेली. ‘रुग्ण मागच्या दारी, मागची शिडी आधी’ हे शब्द निरोपात नव्हते. ‘बे बदला’ एवढंच होतं.

पट्ट्याची खूण बंद करायच्या आधी कॅप्टननं घोषणा केली की वैद्यकीय पथक बाहेर पडेपर्यंत कुणीही उठायचं नाही. लोक बसून राहिले. मोबाइल मात्र वर आले; चौथीनं उभं राहून ब्लँकेट धरलं.

२२:४३ ला रुग्ण पथकाच्या ताब्यात. सोबत कागद : वेळा, ॲस्पिरिन किती आणि केव्हा, नायट्रोग्लिसरीन दिलं नाही आणि का, झटका एक. पत्नीसोबत औषधांची पिशवी. विमानतळावरच्या माणसानं “मावशी, या इकडून” म्हटलं तेव्हाही त्यांना दुभाषा लागला नाही.

दोघं प्रवासी उतरल्यामुळे त्यांच्या बॅगा पोटातून शोधून काढणं भाग होतं. त्यात ३५ मिनिटं गेली. इंधन, नवा फ्लाइट प्लॅन, उघडलेल्या किटसह पुढे जाता येतं का हे पाहणं, असं करत विमान ००:४० ला निघालं.

अँजिओग्राफीत उजवी रक्तवाहिनी पूर्ण बंद निघाली. त्याच रात्री स्टेंट बसला. सहाव्या दिवशी गृहस्थ घरी गेले.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या ११ मिनिटांचा दोष नव्या मुलीवर टाकणं सोपं आहे. तिला जे ऐकू आलं त्यावर कुणीही विमान वळवलं नसतं. पण वळवणं आणि कळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमरेच्या वरची कोणतीही तक्रार, वय चाळिशीच्या पुढे, एवढ्यावर लीडला सांगायला कुणाचीच हरकत नसते. २१:४२ ला लीडला कळलं असतं तर तिनं घोषणेवर नाही तर सहज विचारलं असतं, मराठी कुणाला येतं?

‘पॅक्स अनवेल’ हा निरोप त्याहून वाईट, कारण तो देणारी अनुभवी होती. तिच्या दुसऱ्या निरोपात जे होतं त्यातलं अर्धं, म्हणजे घाम, रंग आणि मधुमेह, तिला २१:५२ लाच माहीत होतं. कॅप्टनला रुग्ण दिसत नाही. त्याला शब्दांवरून दिसतं तेवढंच.

कॅप्टनच्या नऊ मिनिटांबद्दल मतं दोन आहेत. एक म्हणतं, जमिनीवरचा सल्ला मागितल्याशिवाय १७१ माणसांचं विमान वळवू नये. दुसरं म्हणतं, सल्ला येईपर्यंत निदान वेग आणि उंची कमी करायला लागावं. नंतर गरज नाही ठरली तर थोडं इंधन जाईल, बस. या घटनेत दुसरं मत जास्त पटतं, कारण त्या नऊ मिनिटांत भोपाळचा पर्याय ढगांनी बंद केला.

एका गोष्टीवर मात्र वाद नाही, आणि ती घटनेच्या अहवालात शेवटच्या ओळीत आली आहे. छाती दाबून माणूस परत आणलेल्या क्रूनं अडीच तासांच्या आत त्याच विमानात पुन्हा दारं बंद केली, सुरक्षेची प्रात्यक्षिकं दाखवली आणि दीड तास उड्डाण केलं. ड्युटीचे तास नियमात बसत होते. हात थरथरतायत का, हे विचारायला नागपूरला कुणी आलं नाही. मागच्या दाराची स्लाइड आर्म करायचं (आणीबाणीची घसरपट्टी दार उघडताच फुगेल अशी जोडून ठेवायचं) काम त्या रात्री सर्वांत नव्या मुलीकडेच होतं. तिनं ते दोनदा तपासलं आणि तिसऱ्यांदा लीडला बोलावून दाखवलं.